आवृत्तीभेद आणि बॅकअपची रुजुवात

ज्या नोंदींवर आपला नित्याचा व्यवहार चालतो, मग तो पतसंस्थेतील ठेवीचा हिशेब असो, शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारीख असो, रुग्णालयातील तपासण्यांचे निष्कर्ष असोत की शेतकऱ्याच्या सातबाराचा उतारा असो, त्या नोंदी आता कागदी दप्तरांतून निघून डेटाबेस नावाच्या संगणकीय दप्तरात जाऊन बसल्या आहेत. कागदाला वाळवी लागते, पुराचे पाणी शिरते, आग लागते, हे जाणून पूर्वीच्या कारकुनांनी महत्त्वाच्या दस्तऐवजांच्या नकला दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची तजवीज केली; आणि डिस्क निकामी होते, माणसाच्या हातून नको तो हुकूम सुटतो, हे जाणून संगणकाच्या व्यवहारातही रोज रात्री बॅकअप घेण्याचा प्रघात पडला. तो प्रघात उत्तमच आहे. परंतु कार्यालयाकार्यालयांतून ‘बॅकअप होतो ना?’ हा प्रश्न जितक्या तत्परतेने विचारला जातो आणि ‘होतो’ हे उत्तर जितक्या समाधानाने ऐकून घेतले जाते, तितक्या तत्परतेने ‘तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीवर परत चढवून पाहिला आहे?’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही; आणि नेमक्या या न विचारलेल्या प्रश्नापाशीच अनेक संस्थांच्या दप्तरांचे भवितव्य अडकलेले असते.

कारण डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर हे स्थिर राहणारे नव्हे. पोस्टग्रेस नावाच्या सुप्रसिद्ध आणि विनामूल्य प्रणालीची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी निघते, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या २०१४, २०१६, २०१७, २०१९ आणि २०२२ अशा आवृत्त्या एकामागून एक आल्या, मायएसक्यूएलची ५.७ ही आवृत्ती असंख्य ठिकाणी चालू असतानाच २०१८ साली ८.० अवतरली. प्रत्येक नव्या आवृत्तीत नोंदी साठविण्याची रीत थोडीफार बदलते, नवे शब्द प्रचारात येतात, काही जुने शब्द रद्द होतात. अशा स्थितीत एका आवृत्तीने लिहिलेला बॅकअप दुसऱ्या आवृत्तीच्या हाती दिला असता तिला तो वाचता येईलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचा प्रश्न आपल्या वाचकांस परिचित आहे: कागद शाबूत, शाई शाबूत, परंतु मोडी वाचणारा मनुष्य दुर्मीळ झाला की त्या कागदातील मजकूर असून नसल्यासारखाच. बॅकअपची फाईल आणि ती वाचणारी आज्ञावली यांचा संबंध असाच अविभाज्य आहे, आणि जो एकीची काळजी घेतो व दुसरीची घेत नाही, त्याने अर्धेच काम केलेले असते.

हे केवळ तात्त्विक भय नव्हे, याची साक्ष देणारी एक घटना सर्वश्रुत आहे. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळून ठेवणारी संस्था. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या मुख्य डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरील जिवंत प्रत मागे पडली, ती पुन्हा रुळावर आणण्याच्या खटपटीत असलेल्या एका अभियंत्याने त्या दुय्यम सर्व्हरवरील डेटाची डिरेक्टरी समजून मुख्य सर्व्हरवरीलच डिरेक्टरी पुसण्याचा हुकूम दिला, आणि चूक ध्यानी येऊन त्याने एक-दोन क्षणांत हुकूम थांबवीपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती नाहीशी झाली होती. अशा प्रसंगासाठीच तर रोजच्या बॅकअपची व्यवस्था होती. परंतु बॅकअप जेथे जमा व्हावयाचे ते दूरचे भांडार उघडून पाहिले, तेव्हा ते रिकामे निघाले.

ते रिकामे का होते, हे पाहण्यासारखे आहे. डेटाबेस चालत होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर, आणि बॅकअप घेणारी ‘पीजी-डम्प’ ही आज्ञावली धावत होती ९.२ आवृत्तीची. आपल्याहून नव्या मोठ्या आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप घेण्यास ही आज्ञावली साफ नकार देते, आणि ते योग्यच आहे. कारण जी रचना आपणास समजत नाही तिची नक्कल करणे म्हणजे चुकीची नक्कल करणे होय. त्यानुसार तिने रोज रात्री इमानाने एरर दिला आणि काम थांबविले. आता ९.२ ही जुनी आवृत्ती तेथे आली कशी? संस्थेच्या पॅकेजमध्ये अशी योजना होती, की डेटाच्या डिरेक्टरीत आवृत्तीचा क्रमांक लिहिलेली एक लहानशी फाईल असते ती वाचावी आणि त्याप्रमाणे आज्ञावली निवडावी; ती फाईल न सापडल्यास जुनी ९.२ वापरावी. ज्या सर्व्हरवरून बॅकअपचे काम चाले, त्यावर डेटाबेस नव्हताच, म्हणून ती फाईलही नव्हती. एररची वर्दी देणारी ई-मेल निघत होती, परंतु तिच्या प्रेषकाची खातरजमा पटविणारी खूण तिच्यावर नसल्यामुळे स्वीकारणाऱ्या व्यवस्थेने ती परत लोटली. अशा रीतीने एक आवृत्तीभेद आणि एक न पोहोचलेली वर्दी यांच्या संयोगाने संपूर्ण व्यवस्था निष्फळ ठरली, आणि संस्था वाचली ती एका सुदैवाने: एका अभियंत्याने वेगळ्याच चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी डिस्कची एक प्रत हाताने काढून ठेवली होती. ती परत आणण्यास सुमारे १८ तास लागले, आणि मधल्या काळातील अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या, ५,००० अभिप्रायांच्या आणि ७०० नव्या सभासदांच्या नोंदी कायमच्या गेल्या. या संस्थेने सर्व हकीकत कसलाही आडपडदा न ठेवता प्रसिद्ध केली, म्हणूनच आज आपणास तिच्यापासून शिकता येते. हा तिचा मोठेपणा नमूद केलाच पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बॅकअप परत चढविताना आवृत्ती आड येते ती नेमकी कशी, हे समजण्यासाठी बॅकअपचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. पहिल्या प्रकारात डेटाबेसच्या फाईली जशा डिस्कवर असतील तशाच, पान न् पान, उचलून ठेवल्या जातात. याला भौतिक बॅकअप म्हणता येईल. तो घेण्यास आणि चढविण्यास जलद असतो, परंतु त्यातील पानांची अंतर्गत मांडणी त्या त्या आवृत्तीची असल्यामुळे आवृत्ती बदलली की तो अडतो. दुसऱ्या प्रकारात डेटाबेस पुन्हा उभारण्याच्या आज्ञाच क्रमाने लिहून काढल्या जातात: अमुक तक्ता निर्माण करा, त्यात अमुक ओळी भरा, त्यावर अमुक निर्देशिका (इंडेक्स) बांधा. या तार्किक बॅकअपला प्रचारात ‘डम्प’ म्हणतात. तो सावकाश चढतो, पण आवृत्तीच्या सीमा ओलांडण्यास अधिक समर्थ असतो. आणि त्याच्या अडचणी आल्याच तर त्या पानांच्या मांडणीच्या नसून शब्दांच्या असतात. कोणतीही तक्रार हाती आली असता आपल्यासमोरचा बॅकअप या दोहोंपैकी कोणता, हे प्रथम ठरविले म्हणजे निम्मा शोध पुरा होतो.

भौतिक बॅकअपचे ठळक उदाहरण एसक्यूएल सर्व्हरचे. समजा, मुख्य कार्यालयातील सर्व्हर २०१९ आवृत्तीचा आहे आणि शाखेतील २०१७ चा. मुख्य कार्यालयाचा बॅकअप शाखेत नेऊन चढवू लागताच क्रमांक ३१६९ चा एरर येतो, आणि त्यात असे सांगितलेले असते, की हा डेटाबेस १५.००.२००० या आवृत्तीच्या सर्व्हरवर घेतला गेला आहे, हा सर्व्हर १४.००.१००० आवृत्तीचा आहे, आणि दोहोंचे जुळत नाही. येथे पुष्कळ जण गोंधळतात, कारण पडद्यावर २०१९ किंवा २०१७ असे काहीच दिसत नाही. तेव्हा १३ म्हणजे २०१६, १४ म्हणजे २०१७, १५ म्हणजे २०१९ आणि १६ म्हणजे २०२२ ही संगती टिपून ठेवलेली बरी. या बाह्य क्रमांकांखेरीज प्रत्येक डेटाबेसच्या पोटात एक गुप्त क्रमांक असतो: २०१४ साठी ७८२, २०१६ साठी ८५२, २०१७ साठी ८६९, २०१९ साठी ९०४ आणि २०२२ साठी ९५७. सर्व्हर हा क्रमांक पाहतो. तो आपल्या ओळखीच्या मर्यादेत असेल तर स्वीकारतो आणि वाटेत आपल्या क्रमांकापर्यंत चढवून घेतो, मर्यादेपलीकडे असेल तर नाकारतो. जुन्याकडून नव्याकडे जाता येते, नव्याकडून जुन्याकडे येता येत नाही, हा येथला नियम असून त्याला अपवाद नाही.

या संदर्भात एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याचा स्वतंत्र उल्लेख करणे अवश्य वाटते. प्रत्येक डेटाबेसला ‘कम्पॅटिबिलिटी लेव्हल’ नावाची एक पातळी नेमून देता येते, आणि २०१९ च्या सर्व्हरवरही ती १५० ऐवजी १४० म्हणजे २०१७ ची ठेवता येते. ती खाली आणून बॅकअप घेतला म्हणजे तो २०१७ वर चढेल, अशी अनेकांची समजूत असते, आणि त्या समजुतीपायी ऐन आणीबाणीतले बहुमोल तास खर्ची पडतात. वस्तुतः ही पातळी डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा अर्थ कसा लावावयाचा एवढेच ठरविते. फाईलची घडण तिच्यामुळे बदलत नाही, आणि पोटातला ९०४ हा आकडा ९०४ च राहतो. मागे येण्याचा खरा मार्ग एकच: नव्या सर्व्हरवर डेटाबेस उघडून त्याची रचना व मजकूर आज्ञांच्या रूपाने, किंवा ‘बॅकपॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फाईलीत, बाहेर काढावयाचा आणि जुन्या सर्व्हरवर तो नव्याने भरावयाचा. त्यातही नव्या आवृत्तीतच उपलब्ध असलेल्या सोयी वापरल्या असतील, तर त्या आधी उकलाव्या लागतात. उलट दिशेलाही सीमा आहे: २००० आवृत्तीचा बॅकअप २०१२ वर थेट चढत नाही, मध्ये २००५ किंवा २००८ चा सर्व्हर घेऊन त्यावर तो एकदा चढवावा आणि तेथून नवा बॅकअप काढावा लागतो. फार जुने दप्तर जतन करणाऱ्या संस्थांनी म्हणूनच जुने सॉफ्टवेअर बसविण्याची साधनेही फेकून देऊ नयेत.

तार्किक बॅकअपकडे वळले असता पोस्टग्रेसचे उदाहरण उद्बोधक ठरते. त्याच्या दाबून बांधलेल्या डम्प-फाईलीच्या मस्तकी फाईलीच्या स्वरूपाचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि ‘फाईलीच्या मस्तकातील १.१४ ही आवृत्ती मला चालत नाही’ अशा अर्थाचा एरर आला, तर तो डेटाबेसच्या आवृत्तीविषयी नसून या स्वरूपाविषयी आहे, हे जाणावे. १.१४ हे स्वरूप पोस्टग्रेस १२ बरोबर, १.१५ हे १६ बरोबर आणि १.१६ हे १७ बरोबर आले. एवढेच नव्हे, तर मार्च २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव १.१३ हे स्वरूप किरकोळ सुधारणांतूनच प्रचारात आणावे लागले, आणि त्यामुळे ९.६.८ ने लिहिलेली फाईल ९.६.७ ला वाचता येईना. मोठी आवृत्ती तीच असूनही. येथे उपाय सोपा आहे: फाईल वाचणारी ‘पीजी-रिस्टोअर’ ही आज्ञावली नवी घ्यावी, तिच्याकरवी फाईल साध्या मजकुरात उलगडून घ्यावी आणि मग ती सर्व्हरच्या हवाली करावी.

तथापि साधा मजकूर हाती आला म्हणजे सारे निभावले असे नव्हे, कारण आता शब्दांची अडचण उभी राहते. पोस्टग्रेस १७ च्या साधनांनी काढलेल्या डम्पच्या आरंभी एक नवी मांडणी लिहिलेली असते, एका व्यवहाराला किती वेळ द्यावा हे ठरविणारी. जुना सर्व्हर ‘हा शब्द मला अपरिचित आहे’ म्हणून एरर देतो. हा एरर निरुपद्रवी आहे: ती ओळ वगळली तरी एकही नोंद गमावत नाही. याउलट आवृत्ती १० चा डम्प ९.६ वर चढविला, तर अनुक्रमांक देणाऱ्या ‘सीक्वेन्स’ निर्माण करण्याच्या आज्ञेत एक नवा शब्दप्रयोग येतो, जुना सर्व्हर तो व्याकरणदोष म्हणून नाकारतो, आणि तक्ते व ओळी तर येतात, पण नव्या नोंदीस क्रमांक देणारी यंत्रणाच येत नाही. दुसऱ्या दिवशी पहिली पावती फाडताना हा दोष उघड होतो. दोन्ही एरर पडद्यावर सारखेच दिसतात, दोन्ही एकेका ओळीचे असतात. परंतु एक दुर्लक्षिण्याजोगा आणि दुसरा घातक. म्हणून ‘थोडे एरर आले, पण बाकी सगळे चढले’ हे वाक्य कोणत्याही जबाबदार मनुष्याने प्रत्येक एररचा अर्थ लावल्यावाचून उच्चारू नये.

मायएसक्यूएलच्या क्षेत्रात मराठी वाचकास विशेष जिव्हाळ्याचा असा एक प्रश्न उद्भवतो. ८.० आवृत्तीने अक्षरांचा क्रम लावण्याची नवी नियमावली मूळ मांडणी म्हणून स्वीकारली, आणि ती ५.७ ला ठाऊक नाही, त्यामुळे ८.० चा डम्प ५.७ वर चढविताना ‘अपरिचित कोलेशन’ असा १२७३ क्रमांकाचा एरर येतो. डम्पमधील ते नाव बदलून जुन्या नियमावलीचे नाव घातले की तो दूर होतो, मात्र शब्दांचा क्रम आणि कोणते दोन शब्द समान मानावयाचे याचा निर्णय त्याबरोबर बदलू शकतो, हे भान ठेवावे. जुन्याकडून नव्याकडे जातानाही वाट निर्वेध नसते: ८.० मध्ये ‘रँक’ हा शब्द राखीव झाला, आणि कोणी आपल्या साठविलेल्या प्रक्रियेत तो स्तंभाचे नाव म्हणून मोकळा वापरला असेल, तर ती प्रक्रिया नव्या सर्व्हरवर चढतच नाही.

परंतु याहून सूक्ष्म आणि मराठी मजकुराच्या जिवावर बेतणारा दोष अक्षरांच्या संकेतनात दडलेला असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. ‘म’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७४ या तीन बाइटांनी लिहिले जाते, आणि ‘मराठी’ हा शब्द काना व वेलांटी धरून पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा होतो. ८.० पूर्वी मायएसक्यूएलची मूळ मांडणी लॅटिन-१ ही होती, जीत प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र युरोपीय चिन्ह समजले जाते. अनेक जुन्या मराठी संकेतस्थळांनी आपला मजकूर नकळत अशा तक्त्यांत भरला. वाचणारा आणि लिहिणारा दोघेही तीच चूक करीत असल्यामुळे पडद्यावर मराठी बिनचूक दिसे आणि कोणास शंकाही येत नसे. पुढे आवृत्ती बदलण्याच्या निमित्ताने डम्प काढला, की ती पंधरा बाइट पंधरा युरोपीय चिन्हे समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात, आणि नव्या सर्व्हरवर ‘मराठी’च्या जागी पंधरा विचित्र चिन्हांची रांग उभी राहते. हे दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही: मूळ बाइट अजून शाबूत आहेत, आणि जुन्या सर्व्हरवरून लॅटिन-१ चीच मांडणी सांगून पुन्हा डम्प काढला व नव्यावर तो यूटीएफ-८ म्हणून वाचविला, तर मजकूर जसाच्या तसा मिळतो. मात्र ‘मराठी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे दिसली, तर गोष्ट वेगळी. प्रश्नचिन्ह याचा अर्थ रूपांतर करताना सर्व्हरला त्या अक्षरासाठी जागाच सापडली नाही आणि त्याने त्याऐवजी खरोखरीचे प्रश्नचिन्ह लिहून टाकले. मूळ अक्षर त्या प्रतीतून कायमचे गेले. विचित्र चिन्हे म्हणजे दुरुस्त होणारा बिघाड, प्रश्नचिन्हे म्हणजे झालेला नाश. हा भेद प्रत्येक मराठी संस्थेच्या व्यवस्थापकाने मनावर कोरून ठेवावा आणि मूळ सर्व्हर पुसण्यापूर्वी नव्या प्रतीतील मराठी मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

कोणताही एरर न देता घडणारे दोषही आहेत, आणि ते अधिक फसवे असतात. लिनक्सवरील पोस्टग्रेस बहुधा शब्दांचा क्रम लावण्यासाठी ‘जी-लिब-सी’ या मूलभूत संचाची मदत घेते, आणि त्या संचाच्या २०१८ मधील २.२८ आवृत्तीने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या लिनक्सवरील डेटाच्या फाईली उचलून नव्या लिनक्सवर ठेवल्या, तर पोस्टग्रेसची आवृत्ती तीच असूनही निर्देशिका जुन्या क्रमाने बांधलेल्या आणि शोध नव्या क्रमाने चाललेला, अशी विसंगती निर्माण होते. असलेली नोंद ‘नाही’ म्हणून सांगितली जाते आणि एकच नाव दोनदा नोंदले जाऊ शकते. निर्देशिका नव्याने बांधणे हा यावर उपाय. डम्पच्या मार्गाने गेल्यास हा दोष उद्भवत नाही, कारण तेथे निर्देशिका नव्या घरातच बांधल्या जातात.

याच्या जोडीला बॅकअपमध्ये जे नसतेच त्याचाही विचार केला पाहिजे. पोस्टग्रेसच्या एका डेटाबेसच्या डम्पमध्ये वापरकर्त्यांच्या भूमिका येत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. एसक्यूएल सर्व्हरची लॉगिने मुख्य ‘मास्टर’ डेटाबेसमध्ये राहतात. मायएसक्यूएलमधील एखादी प्रक्रिया ज्याच्या नावे निर्माण झाली तो वापरकर्ता नव्या सर्व्हरवर नसला, तर ती चालत नाही. आणि डेटाबेस सांकेतिक कुलुपात ठेवलेला असेल, तर त्याचे प्रमाणपत्र व खासगी किल्ली यांची प्रत वेगळी जपलेली नसल्यास योग्य आवृत्तीचा, शाबूत बॅकअप हाती असूनही तो उघडण्याचा मार्ग उरत नाही.

एवढ्या साऱ्या शक्यतांतून नेमके कारण शोधावयाचे, तर काही शिस्त पाळावी लागते. मूळ बॅकअपला हात न लावता त्याची प्रत काढावी आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर, चालू सर्व्हरपासून दूर, वेगळ्या यंत्रावर करावेत. कारण घाईघाईने जुन्या डेटाबेसवरच नवा चढविण्याच्या खटाटोपात असलेलेही जाते. मग पहिला एरर वाचावा. शेवटचा नव्हे, पहिला. कारण एक तक्ता निर्माण झाला नाही की त्यावर अवलंबून असलेल्या शेकडो आज्ञा कोसळतात आणि पडदा ज्या एररांनी भरतो ते बहुतेक त्या एकाचेच परिणाम असतात. त्यानंतर बॅकअपचे मस्तक वाचावे: एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रिस्टोअर हेडरओन्ली’ या आज्ञेने, पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-रिस्टोअर’ला केवळ यादी मागून, मायएसक्यूएलच्या डम्पमध्ये फाईलीच्या पहिल्या काही ओळी वाचून, तो कोणत्या आवृत्तीने लिहिला हे कळते. फाईल वाटेत बिघडली नाही ना, हेही मूळ फाईलीचा आकार व चेकसम पडताळून पाहावे. एसक्यूएल सर्व्हरचा ३२४१ हा एरर मोडलेल्या फाईलीमुळेही येतो आणि फार जुन्या सर्व्हरला नवी फाईल दिल्यामुळेही, आणि हा निवाडा त्या पडताळणीवाचून होत नाही. या तीन गोष्टी हाती आल्यावर कारण बहुधा आपणच पुढे येते. डेटाबेस चढल्यानंतर मात्र तेथेच थांबू नये: प्रमुख तक्त्यांतील ओळींची संख्या मोजावी, ताळेबंदाची बेरीज मूळ सर्व्हरशी ताडून पाहावी, आणि एक नवी नोंद करून ती पूर्ण होते की नाही हे पाहावे.

हे सारे ज्ञान तज्ज्ञांपुरते आहे, असे वाटून सामान्य वाचकाने ते बाजूस सारू नये. आपल्याकडील पतसंस्था, सहकारी गृहनिर्माण संस्था, शाळा, सार्वजनिक ग्रंथालये यांचे व्यवहार पुष्कळदा बाहेरच्या एखाद्या पुरवठादाराने कित्येक वर्षांपूर्वी बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतात. संगणक जुना होतो, नवा येतो, त्याच्याबरोबर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, आणि कपाटातील जुन्या बॅकअपांचा व या नव्या आवृत्तीचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्याचे काम कोणाच्याच कामांच्या यादीत लिहिलेले नसते. वस्तुतः त्यासाठी फारसा खर्च नाही. प्रत्येक बॅकअपसोबत डेटाबेसची आवृत्ती, बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती, संगणकप्रणालीची आवृत्ती आणि अक्षरसंकेतन या चार गोष्टी साध्या कागदावर लिहून ठेवाव्यात. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलण्याच्या आधी एक आणि बदलल्यानंतर लगेच एक असे दोन बॅकअप घ्यावेत. आणि निदान दर तीन महिन्यांनी कोणताही एक बॅकअप निवडून तो वेगळ्या यंत्रावर खरोखरीच चढवून पाहावा.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांस आमची विनंती आहे, की येत्या सभेत त्यांनी एवढेच विचारावे: आपला बॅकअप शेवटचा कोणत्या तारखेस परत चढविला गेला, कोणत्या आवृत्तीवर, त्यास किती वेळ लागला, आणि चढलेल्या नोंदी कोणी ताडून पाहिल्या? आलेले उत्तर इतिवृत्तात नोंदवावे, आणि उत्तर मिळत नसेल, तर ज्या बॅकअपची अशी रुजुवात झालेली नाही तो संस्थेकडे नाहीच, असे समजून कामास लागावे.